ज्यूस काय खाण्यात धरतात?

पावणेआठला रिक्षा कॅज्युअल्टीच्या दारात लागली तेव्हा मी रात्रपाळीची वही भरत बसले होते. मे महिना, ऐन लग्नसराई. रिक्षातून उतरवलेले काका साठीच्या आसपासचे. अंगात मॉर्निंग वॉकचा टीशर्ट, पायात बूट तसेच, आणि पोटाशी घट्ट धरलेली प्लॅस्टिकची बादली. बादलीत डोकावले तर उलटी लालसर. हात थंडगार, कपाळावर घाम, नाडी १२४, बीपी ८०/५०.

या वयात घाम आणि वरच्या पोटात दुखणं म्हटलं की आधी हृदय. ईसीजी काढला, तो बरा निघाला. दोन्ही हातांना सलाईन लावली, रक्त तपासणीला पाठवलं आणि मग विचारपूस सुरू केली.

"काल रात्री काय खाल्लं?"

"भाचीच्या लग्नाचं जेवण," काकू म्हणाल्या. झालं, विषबाधा, असं तिथल्या तिथे सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण काकूंनी तेच जेवण जेवलं होतं. सुनेनं, नातवंडांनीही. सगळे ठणठणीत.

"गुडघेदुखीच्या गोळ्या वगैरे?" नाही. दारू? यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न मी गिळलाच. "आज सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही हो मॅडम. उपाशीपोटीच आहेत."

आमच्या सिस्टर बावीस वर्षं याच कामात. सुईवर चिकटपट्टी लावता लावता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "काका, उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?"

"ज्यूस," काका कण्हत म्हणाले. "दुधीचा."

"अहो, तो रोजचाच आहे," काकू मध्येच म्हणाल्या. "ज्यूस काय खाण्यात धरतात?"

खरंच कोणी धरत नाही. काढा, हळदीचं पाणी, भिजवलेली मेथी, गुळवेलीचा रस यांतलं काहीच कोणी सांगत नाही, कारण लोकांच्या लेखी ते ना अन्न, ना औषध. 'कुठली औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला 'कुठलीच नाही' असं उत्तर देणाऱ्या माणसाच्या पोटात सकाळपासून तीन-चार रस गेलेले असतात.

"आजचा कडू होता का?"

"होता की. नाक धरून प्यायलो. म्हटलं, कडू आहे म्हणजे गुण येणार."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ असाच दुधी आणि कारल्याचा कडू रस पिऊन दगावले होते. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष चार ओळींत सांगता येतो. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी टाकून द्या. दुसऱ्या कुठल्या रसात तो मिसळू नका. पिऊन त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठा. उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या सगळ्या वेलवर्गात क्युकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. जनावरांनी आणि किडींनी वेल खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. एरवीच्या दुधीत ती नावापुरती. पण उन्हाचा तडाखा बसला, पाणी कमी पडलं किंवा फळ जून झालं की वाढू शकतात. काकांचा वेल गच्चीवरच्या ड्रममधला. मेचं ऊन आणि नळाला एक दिवसाआड पाणी.

तासाभरानं मुलगा उरलेला अर्धा दुधी घेऊन आला. दिसायला कसा म्हणाल तर कोवळा, हिरवागार, नखानं टोचला तर रस येईल असा. बाजारात असता तर मीच घेतला असता. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकले. कारलं कडू असतं, पण ते लागतं आणि जातं. हे जिभेवर बसून राहिलं. दोन चुळा भरल्या, वर सिस्टरांच्या थर्मासमधला चहा घेतला, तर चहाही कडू लागला. काका याचा पाऊण ग्लास प्यायले होते.

दुपारी दुर्बीण घातली. जठराचं अस्तर उकळतं पाणी सांडल्यासारखं लालभडक झालेलं, जागोजागी रक्त पाझरतंय. सलाईनवर सलाईन देऊनही बीपी चढेना तेव्हा बीपी वाढवणारं नॉरअॅड्रिनलिन सुरू करावं लागलं. माझी पाळी कधीच संपली होती, पण पाय निघेना. संध्याकाळी पाचला बीपी ११० झालं आणि काकांनी पहिल्यांदा स्वतःहून पाणी मागितलं, तेव्हा घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकू आयसीयूच्या बाहेर भेटल्या. म्हणाल्या, "भाजीचा दुधी मी चाखूनच चिरते हो. काकडीसुद्धा. सासूबाईंनी लावलेली सवय. कडू निघाला तर आम्ही गुरांनासुद्धा घालत नव्हतो. पण ज्यूस हे स्वतःच करतात, सालीसकट मिक्सरला लावून. त्यात माझा हात नसतो."

मला हे फार लागलं. ज्याला आपण घरगुती ज्ञान म्हणतो, ते त्या घरात शाबूत होतं. विळीपाशी होतं. तोच दुधी भाजीसाठी चिरला असता तर कडू निघाला म्हणून कचऱ्यात गेला असता. ग्लासात गेला आणि औषध झाला. आता कडूपणा हा दोष उरला नव्हता, गुणाचा पुरावा झाला होता. गुढीपाडव्याला कडुलिंब चावत वाढलेली माणसं आपण, कडू म्हणजे हितकारक हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

घरगुती उपायांना नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. काकांना उलट्या सुरू झाल्या तेव्हा काकूंनी मीठ-साखर-लिंबाचं पाणी दिलं होतं. ते पोटात ठरलं नाही हे खरं, पण सुचलं ते योग्यच. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पाजूनच माणसं वाचवली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मी स्वतः करते.

तिसऱ्या दिवशी काका उठून बसले होते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेला माणूस, आयुष्य जलशुद्धीकरण केंद्रावर गेलेलं. दोन महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, आणि वॉकच्या ग्रुपवर दुधीनं यकृतातली घाण निघते असा मेसेज आला.

"मग मॅडम, ती घाण काढायची कशी?"

म्हटलं, तुमच्या मूत्रपिंडांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक परत रक्तात घेतला जातो, दीड-दोन लिटर लघवी होते. ज्यूस पिणाऱ्याचीही तेवढीच गाळणी आणि न पिणाऱ्याचीही. विषारी काही असलं तर त्याची मोडतोड यकृत करतं.

१८० लिटर ऐकून काकांचे डोळे बारीक झाले. "दिवसाला? आणि बॅकवॉश? फिल्टर म्हटला की बॅकवॉश लागतोच, उलटं पाणी सोडून धुवावाच लागतो, नाहीतर वाळू चोक होते."

इतक्या वर्षांत मला कोणी इतका मुद्द्याचा प्रश्न विचारला नव्हता. मी खुर्ची ओढून बसलेच. तुमच्याकडे पाणी वाळूतून खाली उतरतं आणि गाळ वर साचतो. इथे रक्त गाळणीला घासून पुढे वाहत राहतं, साचायला थांबतच नाही. थोडंफार अडकलंच तर ते खाऊन टाकणाऱ्या पेशी गाळणीतच मुक्कामाला असतात. ही गाळणी खरी बिघडते ती वर्षानुवर्षांच्या साखरेनं आणि बीपीनं. त्यावर बॅकवॉश नाही.

"पण फरक पडला होता हो," काका म्हणाले. "तीन किलो कमी झालं, हलकं वाटायचं."

या दोन महिन्यांत आणखी काय बदललं, असं विचारलं. रोज पाऊण तास चालणं. सकाळच्या दोन कप साखरेच्या चहाच्या जागी ज्यूस, म्हणजे चहाबरोबरची खारीही बंद. रात्रीचं जेवण आठच्या आत. फॅटी लिव्हर वजन उतरलं की सुधारतं, तेव्हा काम खरंच झालं होतं. चालले काका, खारी सोडली काकांनी, आणि नाव झालं दुधीचं. डिटॉक्सच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या निम्म्याअधिक बाटल्यांचं यश असंच असावं, हा माझा अंदाज. पुरावा मागू नका.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. आमच्या केसपेपरवर 'औषधं' या रकान्याखाली सिस्टरांनी आता पेनानं एक ओळ वाढवली आहे: 'उठल्यावर पहिलं काय?' रोज कोणी ना कोणी त्यात काहीतरी भरतंच. परवा एकानं 'तंबाखू' सांगितलं.

पंधरवड्यानं काका तपासणीला आले. वजन आणखी एक किलो उतरलेलं. वेल मुळासकट उपटला म्हणाले, त्यावर चार दुधी लोंबत होते तरी. काकू आता दोडकासुद्धा चाखून घेतात. आणि ग्रुपवर काकांनी सगळा प्रकार सविस्तर लिहून टाकला, बीपीच्या आकड्यांसकट.

"मग? काय म्हणाले लोक?"

काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. नमस्काराचे सतरा-अठरा हात, 'काळजी घ्या' दोनदा, आणि शेवटी एकाचा प्रश्न: दुधी देशी होता का हायब्रिड?