डिझाइनची पदवी: सोळा लाखांचं कर्ज आणि पहिला पगार

प्रवेशाचे दिवस आहेत. डिझाइनला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी चार वर्षांच्या फीचा आकडा समोर असतो आणि त्याच्या शेजारी माहितीपत्रकातलं सगळ्यात मोठं पॅकेज. कर्ज मात्र या दोन्हींतून फिटत नाही. ते फिटतं पहिल्या नोकरीत दरमहा हातात पडणाऱ्या रकमेतून. म्हणून आज सगळा हिशेब त्या टोकाकडून मांडून पाहिला.

खासगी संस्थेतलं बी.डेस. (डिझाइनची चार वर्षांची पदवी) धरलं. वर्षाला चार लाख, चार वर्षांत सोळा लाख कर्ज, व्याज १०.५ टक्के. बँक ही रक्कम एकदम देत नाही. दरवर्षी फीच्या वेळी थेट संस्थेला पाठवते. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सरळव्याजाने पहिल्या चार लाखांवर पाच वर्षांचे २,१०,०००, दुसऱ्यांवर १,६८,०००, तिसऱ्यांवर १,२६,०००, चौथ्यांवर ८४,०००. एकूण ५,८८,०००. हप्ते सुरू होताना हे सगळं मुद्दलात मिसळतं आणि १६ लाखांचे २१ लाख ८८ हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २९,५०० रुपये. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता २४,२०० वर येतो, पण एकूण परतफेड ३५ लाखांवरून ४३ लाखांच्या पुढे जाते.

आता पगार. नवख्या डिझायनरला ४.८ लाखांचं पॅकेज मिळालं असं धरू. महिन्याला ४०,००० दिसतात, पण त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी आधीच धरलेली असते. मग स्वतःचा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला की हातात ३४ हजारांच्या आसपास उरतात. त्यातून २९,५०० चा हप्ता भरून पुण्यात किंवा मुंबईत खोलीचं भाडंही निघत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी ८०ई कलमाची करसवलत इथे कामाची नाही, कारण एवढ्या पगारावर मुळात आयकरच लागत नाही.

हप्ता हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावा, ही मर्यादा मला योग्य वाटते. म्हणजे ११ हजारांच्या आसपास. दहा वर्षांच्या मुदतीत तेवढ्या हप्त्याला पेलणारं मूळ कर्ज याच दराने सहा लाखांच्या जवळपास येतं. सोळा आणि सहा यांतला फरक घरची बचत, शिष्यवृत्ती किंवा कमी फीची संस्था यांनीच भरून निघायला हवा. पगारवाढीच्या भरवशावर तो सोडला तर सगळ्यात जास्त ओढाताण पहिल्या तीन वर्षांत होते, आणि डिझायनरला काम निवडण्याची मोकळीक नेमकी तेव्हा हवी असते. हप्त्याच्या धाकाने मिळेल ती नोकरी धरलेल्या मुलाचा पोर्टफोलिओ एकसुरी होत जातो, हे मला फार खटकतं.

कमी फीचे रस्ते आहेत. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयांत उपयोजित कलेची (जाहिरात, ग्राफिक्स यांसारख्या कामांची) पदवी करता येते. पुढे सीईईडी ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीचा, प्रयत्न करता येतो. राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. डिझाइनच्या बऱ्याच जागा नेमक्या तिथेच असतात. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममधल्या (हप्ते सुरू होण्याआधीच्या काळातल्या) व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते, तीही योजनेच्या यादीतल्या संस्थांपुरतीच. यादी फी भरण्याआधी बघायची.

प्लेसमेंटचे आकडे वाचताना सरासरी सोडून मध्यक पगार (निम्म्या मुलांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो) विचारायचा, आणि तोही शाखेनुसार. यूएक्स (ॲप-वेबसाइट वापरायला सोपी करण्याचं डिझाइन), प्रॉडक्ट, टेक्स्टाइल आणि अ‍ॅनिमेशन यांचे पगार एका ओळीत बसत नाहीत. विद्यापीठाने एनआयआरएफला (केंद्राच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीला) दिलेला मध्यक बहुधा सगळ्या चार वर्षांच्या पदव्यांचा असतो, त्यात इंजिनिअर मिसळलेले असतात. वर्गात किती मुलं होती आणि प्लेसमेंटला किती नोंदली गेली, हे दोन्ही विचारावं. नोंदणी न केलेली मुलं टक्केवारीत धरलेलीच नसतात.

फीबाहेरचा खर्च इतर पदव्यांपेक्षा इथे जास्त आहे. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप, सॉफ्टवेअरची वर्गणी, मॉडेलचं साहित्य, रंगीत प्रिंट आणि दुसऱ्या शहरातली इंटर्नशिप, जिथे विद्यावेतनातून भाडंही निघत नाही. संस्थेच्या खर्चाच्या अंदाजपत्रात वसतिगृह, लॅपटॉप आणि साहित्य लिहून घेतलं तर बँक ते कर्जात धरू शकते. नंतर सांगून भागत नाही. फी दरवर्षी वाढते आणि मंजुरी पहिल्या वर्षाच्या दरावर झालेली असते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी रक्कम कमी पडते. अंदाजपत्र चारही वर्षांच्या वाढीव फीचं मागायचं.

आईवडिलांना शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरावं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला ३,५००, दुसऱ्या वर्षी ७,०००, तिसऱ्या वर्षी १०,५०० आणि पुढे हप्ते सुरू होईपर्यंत १४,०००. तसं केलं तर दहा वर्षांचा हप्ता २९,५०० ऐवजी २१,६०० होतो, आणि काही बँका त्याबद्दल दरात सूटही देतात. मंजुरीपत्रात मोरॅटोरियममधलं व्याज सरळ आहे की चक्रवाढ, हे वाचल्याशिवाय सही करू नये. बिगर-बँक वित्तसंस्थांच्या कर्जात तर ते आधी शोधावं. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, म्हणून पहिला बोनस मुद्दलात भरता येतो. भरताना बँकेला लेखी द्यायचं: हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा.