पाय ४ वरचा मीडिया प्लेयर: पिवळी वीज, गायब होणारी डिस्क आणि पहाटे तीनला पेटलेला टीव्ही

तर मंडळी, बरेच दिवस नुसतं करतो करतो म्हणत होतो ते शेवटी केलं. राझबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर), ४ जीबीवाला, ३२ जीबीचं कार्ड आणि त्यावर लिब्रेएलेक, म्हणजे कोडी हा मीडिया प्लेयर चालवण्यापुरतीच असलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. हौस माझी असली तरी निमित्त आईचं आहे. तिच्याकडे नाटकांच्या व्हीसीडींची एक अख्खी पेटी आहे आणि घरातला शेवटचा व्हीसीडी प्लेयर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेला (मीच दिला, ते अजून ऐकतोय). अट एकच, टीव्हीच्या रिमोटवरच सगळं चाललं पाहिजे, कीबोर्ड माउस तिला दाखवायचा पण नाही.

शनिवार. कार्ड लिहिलं, वायरी जोडल्या, स्क्रीन काळी. अर्धा तास कार्ड परत लिही, दुसरं कार्ड लाव असं केलं आणि मग लक्षात आलं की पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय असतात आणि मी दुसऱ्यात वायर खुपसलीय. पहिला म्हणजे पॉवरच्या यूएसबी-सीला चिकटून असलेला, तोच वापरायचा, ४के ६० हर्ट्झ पण त्याच्यावरच मिळतं. वायर बदलली आणि कोडी समोर हजर. कोडी मुळात पहिल्या एक्सबॉक्ससाठी केलेलं, तेव्हा नाव एक्सबीएमसी होतं, २०१४ ला कोडी झालं. लांब सोफ्यावरून बघायचं डोक्यात ठेवूनच बनवलंय ते, त्यामुळे अक्षरं मोठी आणि सगळं चार बाणांवर चालतं. आईसाठी हेच पाहिजे होतं.

पण स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय असं सांगणारं चिन्ह, चमकायला लागली. आपल्याला वाटतं ३३ वॉटचा फोनचा चार्जर आहे, त्याला काय कमी पडणार. इथंच फसलो. ते ३३ वॉट फोनशी बोलून व्होल्टेज वाढवल्यावर मिळतात, पायला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि माझ्या चार्जरवर बारीक अक्षरात ५ व्होल्टला २ अँपियर लिहिलंय, पाय मागतो ३. वर वायर दीड मीटर लांब आणि सुतळीएवढी बारीक. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास खाली गेलं की ती वीज दिसते. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून पायला कमांड देऊन) थ्रॉटलचा, म्हणजे पॉवर आणि स्पीडची अडचण सांगणारा, कोड बघितला तर ०x५०००५, म्हणजे आत्ता पण कमी पडतंय आणि आधी पण पडलं होतं, स्पीड पण पाडलाय. बाजारात जाऊन ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर आणला, वायर त्यालाच जोडलेली. वीज गेली. (घरातली नाही, ती नंतर गेली, सांगतो.)

रविवार पूर्ण हार्ड डिस्कने खाल्ला. जुन्या लॅपटॉपची अडीच इंची डिस्क, दोनशेवाल्या केसमध्ये घालून निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावली. सिनेमा वीस मिनिटं झकास आणि मग फ्रीज, डिस्क गायब, परत काढून लावली की परत वीस मिनिटं. आधी पॉवरवर संशय, कारण पायचे चारही यूएसबी मिळून १.२ अँपियरच देतात, पण एकच डिस्क होती आणि विजेचं चिन्ह पण येत नव्हतं. मग डीमेसेज (सिस्टिमच्या नोंदी) काढला तर यूएएस यूएएस करत रीसेटच्या ओळींचा ढीग. यूएएस म्हणजे यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत. काही स्वस्त केसमधल्या चिपचं आणि यूएएसचं जमत नाही, त्या डिस्कसाठी ते बंद करून साध्या यूएसबी स्टोरेजवर आणायचं. एलएसयूएसबीमधून (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी कमांड) केसचा आयडी काढला आणि बूट होताना वाचल्या जाणाऱ्या सीएमडीलाइन फाइलमध्ये क्वर्क्सची, म्हणजे या डिस्कसाठी अपवाद कर असं सांगणारी, ओळ टाकली, आयडीच्या शेवटी यू. लिब्रेएलेकमध्ये ही फाइल ज्यात असते ते फ्लॅश पार्टिशन रीड-ओन्ली असतं हे विसरू नका, आधी लिहिता येईल असं रिमाउंट करा. मी रिमाउंट केलं, ओळ टाकली, रीबूट केलं आणि काहीच फरक नाही. दोन तास! कारण मी शहाण्यासारखी ती नवीन ओळीवर टाकली होती आणि त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत लागतं. एक स्पेस देऊन मागच्या ओळीला जोडली, तेव्हापासून डिस्क हललेली नाही. वेग थोडा कमी मिळतो म्हणे, पण आपल्याला ३५२ बाय २८८ ची नाटकं बघायचीत, कोण मोजतंय.

एक उपप्रकरण, एअर माउसचा (हातात धरून हवेत हलवायचा माउस, माझ्यापुरता) वायरलेस डोंगल त्या डिस्कच्या शेजारच्याच पोर्टात होता आणि कर्सर अडखळत होता. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये घुसतो, इंटेलने २०१२ ला यावर कागदच काढलाय. डोंगल हातभर एक्स्टेन्शन वायरवर लांब नेला, संपलं. वायफाय पण ५ गिगाहर्ट्झवर नेलं.

आता व्हीसीडी. लिनक्सवर डॅट फाइल (व्हीसीडीवर व्हिडिओ ज्यात असतो ती) सरळ कॉपी करायला गेलो तर इनपुट आउटपुट एरर, मला वाटलं डिस्क मेली. डिस्क बरी असते हो, व्हीसीडीचे व्हिडिओचे सेक्टर साध्या डेटा सीडीसारखे नसतात म्हणून असं होतं. व्हीसीडीएक्सरिप नावाच्या प्रोग्रॅमने काढल्या, एमपीईजी-१ आहे, पायला घाम पण येत नाही. फक्त पात्र स्टेजवर चालत गेलं की बारीक हिसका दिसायचा. आपल्याकडच्या व्हीसीडी पाल (PAL) पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम, आणि टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६०, हिशोब जुळत नाही. कोडीच्या प्लेयर सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट अ‍ॅडजस्ट करायचं ऑप्शन मुळात ऑफ असतं, ते सुरू केलं, टीव्ही ५० वर जातो आणि हिसका बंद. कोडीचा मेनू मात्र १०८०पीवरच ठेवा, ४केवर जड होतो. आणि आवाज २.० (दोन स्पीकर) करा. माझा चुकून ५.१ (सहा स्पीकर) वर होता आणि टीव्हीला दोनच स्पीकर, त्यामुळे म्युझिक दणदणीत आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे.

लायब्ररी स्कॅन (कोडी फाइलच्या नावावरून नेटवरून पोस्टर आणि माहिती आणतो ते) करू नका, नाटकांना तर अजिबात नाही. एका घरगुती विनोदी नाटकाला त्याने कुठल्यातरी युरोपियन भुताच्या पिक्चरचं पोस्टर लावलं, आई घाबरली ना. साधे फोल्डर ठेवलेत आता.

रिमोटचं काम सीईसीने झालं (एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्ही आणि पाय एकमेकांना हुकूम देतात ती सोय), टीव्हीत ते वेगळ्याच नावाने लपलेलं असतं, शोधून ऑन करायचं, की बाण, ओके, बॅक सगळं चालतं. खुश होऊन झोपलो. मंगळवारी रात्री लाइट गेली, पहाटे तीनच्या सुमारास आली, पाय आपोआप बूट झाला आणि सीईसीवरून टीव्हीला पण उठवलं. हॉलमध्ये निळा उजेड बघून आई माझ्या खोलीत आली, "अरे ऊठ, बाहेर कुणीतरी टीव्ही लावलाय!" मी काठी घेऊन बाहेर. कोडीत सीईसी अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये सुरू होताना कुठली उपकरणं चालू करायची ते असतं, तिथं काहीच नाही असं निवडा, आणि सोर्स आपणहून बदलायचं पण बंद करा. पाय आता इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलाय, लाइट जाऊन जाऊन कार्ड खराब व्हायला नको.

काल आईने एकटीने नाटक लावलं. पाच मिनिटांनी हाक आली, "अरे, ही लग्नाआधीच नवऱ्याशी भांडायला लागली की." बघतो तर दुसरा अंक आधी लागलाय. दोन्ही डिस्कवरच्या फाइलचं नाव एव्हीसेक ०१ च असतं, काढताना मी एकाला नुसतं नवीन म्हणून ठेवलं होतं. पेटीत अजून चाळीसेक डिस्क आहेत, रविवारी बसून अंकवार नावं देतो. एकीवर ओरखडा आहे आणि ती मध्यंतराच्या जरा आधी अडकते, डिस्क पुसायचा टूथपेस्टशिवायचा उपाय कुणाला माहीत असेल तर सांगा.