अ‍ॅडीने लग्न केलं असतं तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. व्ही. ई. श्वाबची 'द इनव्हिजिबल लाइफ ऑफ अ‍ॅडी लरू' (२०२०) ही कादंबरी मी ज्याला त्याला वाचायला देत सुटते आणि वाचून झाल्यावर बरेच जण हेच विचारतात, की एवढं काय आभाळ कोसळत होतं, गुपचूप लग्न केलं असतं तर ३०० वर्षांची वणवण तरी वाचली असती ना?

वणवण वाचली असती, पण अ‍ॅडीही उरली नसती असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. १७१४ साल, फ्रान्समधलं छोटं खेडं, २३ वर्षांची मुलगी आणि घरच्यांनी ठरवलेला नवरा रॉजर म्हणजे तीन पोरांचा बाप, विधुर. गावातली म्हातारी एस्टेल तिला बजावत आलेली असते की अंधार पडल्यावर ओ देणाऱ्या देवांना हाक मारायची नाही, आणि ही ऐन लग्नाच्या दिवशी जंगलात पळते आणि नेमकी तीच हाक मारते. मला कुणाचं व्हायचं नाही, मला वेळ हवाय. किती वेळ ते काही सांगता येत नाही, म्हणून शेवटी म्हणते, मला नकोसं होईल तेव्हा माझा आत्मा घे.

हाकेला ओ देणारा तो अंधारातला देव वेळ देतो की. पण त्या दिवसापासून ती नजरेआड झाली की समोरचा तिला विसरतो. घरी जाते तर सख्खी आई विचारते, कोण गं तू? मैत्रीण घरात घेते, मायेने विचारपूस करते, जरा बाजूला जाऊन परत येते तर ओळख साफ पुसलेली! स्वतःचं नाव तोंडातून निघत नाही, कागदावर लिहिलं तरी टिकत नाही, आणि भाड्याने खोली घ्यायची तर पैसे घेणाराच थोड्या वेळाने हिला परकी समजून बाहेर काढतो.

आपला अश्वत्थामा भळभळत्या जखमेवर तेल मागत दारोदार फिरतो म्हणतात, पण त्याला निदान अश्वत्थामा म्हणून ओळखतात तरी! अ‍ॅडीला तेवढंही नाही.

तरीही ती चुकली असं मला वाटत नाही कारण निवड कशात होती ते बघा ना, लग्न झालं असतं तरी ती रॉजरची बायको, पोरांची आई म्हणूनच जगली असती, तिथे तरी तिचं नाव कोण घेणार होतं? इथे निदान ती पॅरिस बघते, भाषा शिकते, आणि खूण ठेवता येत नसली तरी माणसांच्या डोक्यात कल्पना पेरता येतात हे तिच्या लक्षात येतं, मग चित्रांमधून तिच्या चेहऱ्यावरचे सात तीळ उमटत राहतात. मला हा भाग फार फार आवडतो.

मधली काही पानं रेंगाळतात, खरंय. पण २०१४ च्या न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांच्या दुकानातला हेन्री तिला म्हणतो, तू आठवतेस मला, तिथपर्यंत तरी सोडू नका, आणि मग मला परत विचारा.