मॅडम, हे मूळ कशाचं आहे?

बॉटनी शिकवणाऱ्या माणसाची तालुक्याच्या गावात ठराविक वेळीच आठवण होते. गणपतीच्या आधी पत्री ओळखायला, आणि एरवी कुणाच्या पोराने कसल्यातरी बिया खाल्ल्या की त्या विषारी आहेत का ते सांगायला. त्यामुळे त्या दिवशी वनखात्याच्या रेंज ऑफिसमधून फोन आला, "मॅडम, थोड्या मुळ्या ओळखायच्यात, जरा येऊन जाल का", तेव्हा मला वाटलं असेल सफेद मुसळी नाहीतर सर्पगंधा, कुणीतरी जंगलातून उपटून आणली असेल आणि नाक्यावर सापडला असेल. एफवायचं प्रॅक्टिकल उरकलं, पर्समध्ये हँड लेन्स टाकली आणि स्कूटी काढली.

तिथे टेबलावर पेपर पसरून सगळा मुद्देमाल मांडलेला. आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेब, वनपाल, दोन वनरक्षक, पंच म्हणून धरून आणलेले दोन सरकारी कर्मचारी (त्यातला एक सारखा घड्याळ बघत होता), आणि कोपऱ्यातल्या बाकड्यावर एक साठी उलटलेले काका. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, पांढरा सदरा. पेठेत त्यांचं पूजासाहित्याचं दुकान आहे, मी स्वतः तिथून कापूर आणि वाती घेतलेल्या आहेत, त्यामुळे त्यांनाही कसंतरी झालं आणि मलाही.

टेबलावर गुंजांच्या माळा, काळी हळद, रुद्राक्ष, पांढऱ्या रुईच्या मुळाचे गणपती, केसाळ गाठीसारखी सियारसिंगी (कोल्ह्याचं शिंग म्हणून विकतात, कोल्ह्याला कधी शिंग असतं का), फ्रेम केलेलं इंद्रजाल आणि नवग्रहांच्या समिधांच्या जुड्या. समिधांपाशी मी जरा रमलेच. रुई सूर्याची, पळस चंद्राचा, खैर मंगळाचा, आघाडा बुधाचा, पिंपळ गुरूचा, उंबर शुक्राचा, शमी शनीची, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ, ही यादी मी दरवर्षी पोरांना सांगते कारण एवढ्या वेगवेगळ्या कुळातल्या वनस्पती एका जुडीत दुसरीकडे कुठे मिळणार. शमी म्हणून बांधलेल्या काड्या चक्क बाभळीच्या होत्या, लांब सरळ पांढरे काटे, तेही जोडीजोडीने, शमीचे असे नसतात. काका म्हणाले, "माल बांधूनच येतो हो, आम्ही कुठे सोडून बघतो."

साहेब म्हणाले, मॅडम ते राहू द्या, हे बघा. आणि त्यांनी एक पितळी डबी उघडली.

आत शेंदूर, त्यात चार-पाच लवंगा, कापराची वडी, आणि मधोमध बोटभर लांबीचं काहीतरी, काळपट तपकिरी. दोन हात कोपरापासून वर जोडून नमस्कार करावा तसा आकार आणि वरच्या टोकाला आवळलेल्या बोटांसारखं. हत्थाजोडी. नाव मी ऐकलं होतं, हातात पहिल्यांदा घेत होते, ग्लोव्ह्ज घालून, कारण स्वस्तातल्या शेंदरात शिसं असू शकतं. अशा डब्या ढीगभर होत्या. कोर्टाची केस जिंकायला, अडकलेला पैसा यायला, सासरचं माणूस ताब्यात यायला, धंद्याला नजर लागू नये म्हणून, काय वाटेल त्याला चालते म्हणे.

काकांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "जडीबुटी आहे मॅडम. वाघनखीच्या झाडाचं मूळ. विंध्याचलच्या जंगलात मिळतं, रविपुष्याला काढावं लागतं." अगदी ठामपणे. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज वेगळा असतो, निदान मला तरी कळतो, चोवीस तास पोरांची कारणं ऐकायची सवय आहे.

आता वाघनखी, म्हणजे मार्टिनिया अ‍ॅन्युआ, आमच्या कॉलेजच्या मागच्या उकिरड्यावर पावसाळ्यात माजते. मूळची मेक्सिकोकडची, आपल्याकडे तण म्हणून पसरलेली. तिच्या वाळक्या फळाला दोन वाकडे आकडे असतात, गुरांच्या पायाला अडकून फिरतात, आणि मूळ म्हणाल तर साधं सोटमूळ. नमस्कार बिमस्कार काही नाही. त्यामुळे लेन्स लावायच्या आधीच अर्धं उत्तर झालं होतं. लेन्समधून बघितलं तर उपमुळं फुटल्याची खूण नाही, साल सुटलेली नाही, जिथे तुटलंय तिथे लाकूड नाही की धागे नाहीत. नुसतं सुकून आकसलेलं.

पण नजरेने सांगितलेलं कागदावर चालत नाही. एक नग आधीच मोडलेला होता, त्यातला नखाएवढा तुकडा पंचांसमोर वेगळा काढला, पंचनाम्यात तशी नोंद केली आणि एक वनरक्षक तो पाकिटात घेऊन माझ्यामागून बाइकवर कॉलेजला आला. देहरादूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटला डीएनएसाठी जाणारं सॅम्पल वेगळं, ते लाखेने सील करून ठेवलं होतं.

लॅबमध्ये तुकडा कोमट पाण्यात टाकला. वाळलेलं मूळ भिजलं की फुगतं थोडं, पण मूळच राहतं. हे लिबलिबीत झालं, दाबलं की रबरासारखं, आणि वॉच ग्लासवरून जो वास आला तो सुकट आणि कातडं यांच्या मधला. ब्लेडने सेक्शन, म्हणजे पातळ काप, घ्यायला गेले तर कापलं न जाता ताणलं जायला लागलं. बरोबरीने तुलनेसाठी आवारातल्या रुईच्या मुळाचा सेक्शन घेतला, दोन्हींवर फ्लोरोग्लुसिनॉल आणि अ‍ॅसिड टाकलं. रुईच्या मुळातलं लाकूड मिनिटभरात लालभडक झालं, लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य, असलं की होतंच. दुसऱ्या स्लाइडवर काही नाही. आयोडीन टाकून बघितलं, स्टार्चचा एक कण निळा झाला नाही. मायक्रोस्कोपखाली ना पेशींच्या भिंती ना झायलम (झाडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या), फक्त नागमोडी तंतूंचे जुडगे. प्राण्याच्या शरीरातले.

मी त्या वनरक्षकाला विचारलं, अहो हे आहे तरी काय, तुम्हाला नक्की माहिती असणार. तर तो पोरगा, पंचविशीचा असेल, एकदम लाजला. "घोरपडीचं असतं मॅडम." घोरपडीचं काय? "म्हणजे... नराचं... ते." आणि मग भिंतीवरच्या मेंडेलच्या फोटोकडे बघत बसला. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

तर ती घोरपडीच्या नराची जननेंद्रियं, वाळवलेली. सरड्या-सापांच्या नरात ती जोडीने असतात आणि शरीराच्या आत असतात, त्यामुळे ती मिळवायची तर जनावर मारल्याशिवाय मिळत नाहीत. 2017 साली या प्रकाराचा मोठा बोभाटा झाला होता, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन आणि ऑक्सफर्डचे संशोधक यांनी मिळून तो उघड केला, मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात नमुने तपासले गेले, आणि तोवर हा माल मोठमोठ्या शॉपिंग साइट्सवर दुर्मिळ वनस्पतीचं मूळ म्हणून राजरोस मिळत होता. सिंहगडाच्या दंतकथेत जिला आपण यशवंती म्हणून डोक्यावर घेतो तीच ही घोरपड. वन्यजीव संरक्षण कायद्याने शेड्यूल एकमध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीत.

परत आले तर साहेब म्हणाले, "आम्हाला माहितीच होतं मॅडम, पण कोर्टात पहिला बचाव हाच येतो की साहेब ही तर जडीबुटी आहे. म्हणून झाडवाल्या माणसाने ही वनस्पती नाही असं लिहून दिलेलं लागतं." मी तेवढंच लिहून दिलं, सदर नमुना वनस्पतीजन्य नाही. तो कुणाचा आहे ते लिहिणं माझ्या विषयात बसत नाही, ते देहरादूनने सांगायचं.

ढिगातले काही नग मात्र एकसारखे होते, अगदी एकाच जागी खळगा, कडेने बारीक रेघ, म्हणजे साच्यातलं प्लास्टिक. काका लगेच म्हणाले, "ते डुप्लिकेट, ते आम्ही स्वस्तात देतो. ओरिजिनल तेल पितं. तिळाच्या तेलात ठेवलं की आठवड्यात तेल कमी होतं." मला या माणसाचं कौतुकच वाटलं खरं तर. परीक्षा बरोबर होती! प्लास्टिक तेल पिणार नाही, सुकलेलं मांस पिणारच. फक्त ती परीक्षा कशाची होत होती ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सांगायचं कुणी, हा प्रश्न आलाच. साहेब फाइलीत बघायला लागले, वनपाल चहा सांगायला बाहेर गेले, सगळे पुरुष आणि बाई मी एकटी, तरी शेवटी मीच म्हटलं, "काका, हे मूळ नाही. घोरपडीच्या नराचं लिंग आहे, वाळवलेलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी टेबलावरच्या डब्यांकडे बघितलं आणि उजवा हात हळूहळू सदऱ्याला पुसायला लागले, परत परत. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो," म्हणाले. "आमच्या गल्ल्यात आहे एक. रोज उदबत्ती लावतो मी. आधी विठोबाला, मग त्याला." वर्षाकाठी एक माणूस पिशवी घेऊन यायचा, नाव ना पत्ता, रोखीने व्यवहार, तो सांगेल ते हे गिऱ्हाइकाला सांगायचे. मला माहीत नव्हतं म्हणून कायदा सोडत नाही, शेड्यूल एकला तीन ते सात वर्षं आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. साहेबांनी हे चांगल्या शब्दात सांगितलं, पण सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुकानदार म्हणून विकण्याआधी विचारायला हवं होतं हे मान्य, पण नकली काय ते काटेकोरपणे निवडणाऱ्या या माणसाला असली म्हणजे काय असा प्रश्न कधी पडलाच नाही, आणि घेणाऱ्या शेकडो लोकांना तरी कुठे पडला. आंबा घेताना आपण हापूस रत्नागिरीचा की कर्नाटकचा म्हणून दहा प्रश्न विचारतो.

सह्या करताना काकांनी मला हळूच विचारलं, "मग मॅडम, रुईचा गणपती तरी खरा आहे का?" लेन्सने बघितला. लाकूड आहे आणि रुईचं असायला काही हरकत नाही. पण पांढऱ्या फुलाच्या रुईचं का जांभळ्या फुलाच्या, ते मुळावरून मला काय, कुणालाच नुसतं बघून सांगता यायचं नाही. तसं म्हटलं तर ते जरासे हसले, "म्हणजे तिथे तरी देव शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. निम्म्या लोकांना चावट विनोद करायचे होते. मधल्या सुट्टीत कॉमर्सच्या मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या, मोबाइलमध्ये त्यांच्या हॉलचा फोटो, भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये काळं जाळीदार झाड, इंद्रजाल. वास्तुदोषासाठी लावलेलं. "हे तरी झाडच आहे ना गं?" मी म्हटलं, ताई, हे झाड नाही, समुद्रातलं प्रवाळ आहे, सी फॅन नाहीतर ब्लॅक कोरल, बारीक बारीक प्राण्यांची वसाहत, आणि हेही शेड्यूल एकमध्येच, 2001 पासून. रेंज ऑफिसला जाऊन साहेबांना सांगा आणि देऊन टाका.

त्यांनी फोटो झूम करून नीट बघितला. "देईन गं, पण वास्तुवाल्याने साडेतीन हजार घेतलेत, ते कोण परत देणार?"