गैरहजेरी गृहीत धरून : प्रौढ साक्षरता केंद्र चालवताना

आमचं केंद्र पुण्यातल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात भरतं. शिकवणारे, हिशेब ठेवणारे, कुलूप उघडणारे, सगळे बिनपगारी. अशा केंद्राबद्दल आधी हे मान्य करून टाकावं की इथे रोज कोणीच येत नाही. शिकणारी येत नाही कारण टँकर आला, शिकवणारी येत नाही कारण मुलाला ताप आहे, खजिनदार येत नाही कारण त्याच्या कचेरीत मार्चएंड चालू आहे. पगार नाही, सक्ती नाही, मग हजेरी मागायची कशाच्या जोरावर? त्यामुळे वेळापत्रकापासून चेकवरच्या सह्यांपर्यंत सगळं गैरहजेरी धरूनच बसवावं लागतं.

सुरुवात वेळेपासून. शिकवणाऱ्यांच्या सोयीची वेळ धरली की वर्ग महिनाभरात ओस पडतो. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका सकाळी सातला बाहेर पडतात, दीडला परततात, साडेचारला पुन्हा निघतात. त्यांच्यासाठी अडीच ते चार एवढीच फट आहे. बांधकामावरच्या पुरुषांसाठी रात्री साडेआठ. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी काढलेली शाळा रात्रीचीच होती, आणि मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळा दुपारी दोन ते चार भरवली गेली. वेळ ठरवताना ‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारू नये. उत्तर ‘कधी बी चालंल ताई’ असंच येतं आणि ते खोटं असतं. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ असं दहा घरी विचारलं की वेळ आपोआप कागदावर येते. त्याच कागदावर पाण्याचा दिवस, बचत गटाची बैठक, आठवडेबाजार लिहून घ्यावा. या दिवशी वर्ग ठेवलाच तर नवा धडा घेऊ नये.

आता हिशेब. आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास म्हणजे साडेसात तास. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळीआधीचे साफसफाईचे दिवस (तेव्हा बायकांना जादा कामं मिळतात आणि ती सोडायला सांगणं हा मूर्खपणा आहे), मे महिना गावी, हे सगळं वजा जाता वर्षाला ३६ आठवडे उरतात. ३६ गुणिले साडेसात, २७० तास. एकेका बाईची हजेरी निम्म्याच्या थोडी वर धरली तर तिच्या पदरात दीडशे तास पडतात. ज्यांनी कधीच शाळा पाहिली नाही त्यांना सलग वाचता यायला साधारण दोनशे तास लागतात असा आमचा अंदाज आहे. म्हणजे दोन वर्षं. हे पहिल्या दिवशीच सांगून टाकावं. ‘तीन महिन्यांत साक्षर’ असा फलक लावला की चौथ्या महिन्यात बायका ‘माझंच डोकं चालंना’ म्हणून घरी बसतात. लहानपणी दुसरी-तिसरीपर्यंत शिकून सुटलेल्यांना मात्र एक वर्ष पुरतं. म्हणून नाव घालतानाच तीन गोष्टी करून घेतो: स्वतःचं नाव लिहिणं, बसची पाटी वाचणं, शंभरातून सदतीस वजा करणं. त्यावरून दोन गट पाडतो. एका घरातली सासू आणि सून एका गटात ठेवत नाही. दोघींपैकी एक गप्प बसते, आणि दर वेळी ती सूनच असते असंही नाही.

पहिल्या आठवड्यात पाटी-पेन्सिलच्याही आधी डोळे तपासावेत. चाळिशी उलटलेल्या बाईला ‘लक्षात राहत नाही’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तिला अक्षर दिसतच नसतं. जवळचा चष्मा लागलेला असतो आणि आजवर वाचायची वेळच न आल्यामुळे तो कळलेला नसतो. नेत्रशिबीर वर्षाच्या अखेरीस ठेवलं तर वर्ष फुकट जातं, सुरुवातीलाच हवं. तपासणीत मिळालेले चष्मे विसरले जातात, म्हणून दोन-तीन सामाईक चष्मे (दीड, दोन आणि अडीच नंबरचे) वर्गातल्या डब्यात ठेवतो.

अक्षरं ‘अ आ इ’ या क्रमाने घेत नाही. आधी स्वतःचं नाव, मग आकाराने जवळची अक्षरं: ग, म, भ, न. चार अक्षरांत ‘मग’, ‘नभ’, ‘मन’ होतात, काना आला की ‘मामा’, ‘नाग’, ‘भाग’. मग र, स, ल, मग व, ब, क. जोडाक्षरं शेवटी, आणि त्यातही रफार व ‘र’ची बाकी रूपं सगळ्यात शेवटी, कारण ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘राष्ट्र’मध्ये एकच ‘र’ तीन वेषांत येतो. पहिली-दुसरी वेलांटी चुकली तर पहिल्या वर्षी लाल रेघ मारायची नाही असा आमचा नियम आहे. निवृत्त शिक्षक स्वयंसेवकांना हा नियम पाळणं सगळ्यात जड जातं.

गणिताची गोष्ट उलटी आहे. पैशांचा तोंडी हिशेब बायका शिकवणाऱ्यांपेक्षा लवकर करतात, अडतात ते लिहिताना. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. म्हणून ऐकल्या क्रमाने लिहिणारी बाई ५२ लिहिते. ही चूक समजुतीची नाही, भाषेची आहे, आणि ती शंभर वेळा घोकून जात नाही. दहाच्या नोटा डावीकडे आणि एकची नाणी उजवीकडे मांडून, आधी नोटा मोजून लिहायला लावलं की जाते. एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी वेगळीच डोकेदुखी, त्यांना एक पूर्ण आठवडा द्यावा. आकडे देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही शिकवावेत, कारण मोबाइलवर एक असतो आणि धड्यात दुसरा.

रोजचा धडा त्याच दिवशी संपला पाहिजे. काल न आलेल्या बाईला आजच्या धड्यात बसता आलं नाही तर ती उद्याही येत नाही. म्हणून पहिली २० मिनिटं उजळणी, ४० मिनिटं नवं, उरलेला वेळ प्रत्यक्ष उपयोगाचं वाचन: विजेचं बिल, औषधाच्या पाकिटावरची तारीख, शाळेतून आलेली चिठ्ठी. हजेरीपटावर टिक आम्ही करत नाही, आलेली बाई स्वतः सही करते. तीच रोजची लेखनाची तालीम.

सहीवरून एक इशारा. बँकेतला अंगठा बदलून सही करून घ्यायची घाई सगळ्यांनाच होते, फोटोही छान येतात. पण नमुना सही एकदा दिली की काउंटरवर तीच जुळवून पाहतात. हात बसलेला नसेल तर दर वेळी सही वेगळी येते आणि स्वतःचेच पैसे निघत नाहीत. एकाच वळणाची सही सलग तीन महिने हजेरीपटावर दिसल्याशिवाय आम्ही कोणाला बँकेत पाठवत नाही.

शिकवणाऱ्यांचं म्हणाल तर एका गटाला एक नव्हे, तीन हे प्रमाण धरावं. आठवड्यातून दोनच दिवस द्यायला सांगावेत. पाचही दिवस देतो म्हणणारा उत्साही माणूस दिवाळीनंतर दिसत नाही. माणसं बदलत राहतात म्हणून वर्गवही लागते. रोज तीन ओळी: कुठवर झालं, कोण कुठे अडलं, उद्या कशाने सुरू करायचं. तीनच ओळी. जास्त लिहायला सांगितलं की कोणी लिहीत नाही. किल्ल्या तीन, त्यातली एक समाजमंदिरासमोरच राहणाऱ्या शिकणारणीकडे. पूर्वी एकच किल्ली होती तेव्हा बुडालेल्या वर्गांपैकी बरेचसे शिकवणारं कोणी नाही म्हणून नव्हे, कुलूप उघडायला कोणी नाही म्हणून बुडाले.

संस्थेच्या नोंदणीचा विषय सगळे पहिल्या बैठकीतच काढतात. पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे लागू नये. वस्तीत आधीच नोंदलेलं महिला मंडळ किंवा वाचनालय असतं, त्याच्या घटनेतल्या उद्देशांत शिक्षण आहे का ते पाहून त्याचा उपक्रम म्हणून वर्ग चालवावा. वर्ष टिकलं तर मग नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच्याच जोडीने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच. पहिल्या नोंदणीला ‘महाराष्ट्र’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, दुसरीला ‘एफ’चा. बँक दोन्ही मागते.

सगळे अडकतात ते नोंदणीत नव्हे, नंतरच्या बदल अर्जात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली तो बदल कळवावा लागतो. आपण निवडणूक घेतो, पेढे वाटतो आणि विसरतो. पुढच्या निवडणुकीनंतर अर्ज केला की आधीचा बदल नोंदलेलाच नाही असं निघतं. कार्यालयाच्या लेखी विश्वस्त म्हणून जुनीच माणसं असतात. त्यातलं एखादं वारलेलं, एखादं गाव सोडून गेलेलं. मग प्रत्येक बदलाचा अर्ज क्रमाने करत बसावं लागतं. अर्जात हमखास निघणारी त्रुटी म्हणजे सभेची नोटीस सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा नसणं. व्हॉट्सअॅपवर टाकली होती, हे पुरत नाही. आम्ही नोटिशीची प्रत वहीत चिकटवून खाली प्रत्येकाची तारखेसह पोच-सही घेतो.

घटनेत गणपूर्ती (सभेला किमान किती जण हजर हवेत ते) एकतृतीयांशाच्या वर ठेवू नये. नऊजणांच्या समितीत पाच जणांची अट घातली तर सभाच होत नाहीत. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच जागी अर्ध्या तासाने भरेल आणि तेव्हा गणपूर्ती लागणार नाही, हे नेहमीचं कलम असावंच. फक्त त्यात एक ओळ जोडावी: अशा सभेत नोटिशीबाहेरचा विषय घेता येणार नाही. ही ओळ नसली की दोघं-तिघं पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी बसून हवं ते ठरवून मोकळे होतात.

नऊपैकी तीन जागा आम्ही शिकणाऱ्यांसाठी ठेवल्या आहेत. त्यांना इतिवृत्त वाचता येत नाही ही अडचण खरी, पण त्यावर उपाय सोपा आहे. सभा संपायच्या आत सचिवाने ठराव मोठ्याने वाचायचे आणि मगच सह्या. याचा फायदा असा की गोलमाल वाक्यं लिहिणं बंद होतं. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ असं वाचून दाखवलं की ‘म्हंजी काय करायचं?’ हा प्रश्न तिथल्या तिथे येतो.

बँकेत तीन सह्या, त्यातल्या कोणत्याही दोन. खजिनदार बाहेरगावी जाणार म्हणून कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्याची पद्धत फार बोकाळलेली आहे, ती पहिल्या दिवसापासून बंद. खडू, वह्या, चहा यासाठी दोन हजारांची किरकोळ रक्कम वेगळी. ती संपत आली की पावत्या द्यायच्या आणि तेवढीच पुन्हा घ्यायची. हिशेबवर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण सहा महिन्यांत व्हायला हवं. सप्टेंबरात सनदी लेखापालांकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कागद जूनमध्येच नेऊन द्यावेत.

परीक्षा ‘उल्लास’ची, म्हणजे केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२७ साठीच्या नव भारत साक्षरता कार्यक्रमाची. वय १५ किंवा त्याहून जास्त असलेल्या निरक्षरांना देता येते. राज्यात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. या कार्यक्रमात एकक शाळा आहे, संस्था नाही. त्यामुळे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फतच शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची नोंद ‘उल्लास’च्या अॅपवर होते आणि परीक्षाही तिथेच. जानेवारीत जाऊन ‘आमच्या पंचवीस बायका घ्या’ म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. जुलैमध्येच यादी द्यावी. यादीतलं नाव आधार कार्डाप्रमाणे लिहावं, हाक मारायच्या नावाप्रमाणे नव्हे. माहेरचं एक, सासरचं एक आणि कार्डावर तिसरंच असा प्रकार इतका सर्रास आहे की आम्ही कार्ड समोर ठेवूनच अर्ज भरतो.

तीन तास बसणं हीच अनेकींची खरी परीक्षा असते. डिसेंबरपासून पेन्सिल सोडून पेन हातात द्यावं. पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही या भीतीनेच हात थरथरतो, ती भीती घरच्या वर्गात जाऊ द्यावी. दोन सराव परीक्षा पूर्ण वेळ घ्याव्यात, एक आपल्या जागेत आणि एक त्या शाळेच्या बाकांवर. परीक्षेचा दिवस रविवार असला तरी कामाला सुट्टी नसते. सकाळी १० ते ५ मध्ये सोयीने येता येतं, म्हणून कोण किती वाजता कोणाबरोबर जाणार याची यादी आदल्या दिवशी फळ्यावर. सोबत चष्म्यांचा डबा.

निकालानंतर वर्ग बंद करायचा नाही. वाचायला काही उरलं नाही की सहा महिन्यांत अक्षर पुसट होतं. आम्ही शनिवार तेवढा वाचनाचा ठेवतो: मोठ्या टाइपातली पुस्तकं, आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र, आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचे अर्ज. मे महिन्यात समाजमंदिर लग्नांना जातं. तेव्हा वर्गाच्या सामानाची पेटी समोरच्या घरी हलवायची आणि जूनच्या पहिल्या सोमवारी कोणत्या दोघांनी ती परत आणायची हे एप्रिलच्या सभेतच नावानिशी लिहून ठेवायचं. दोघांनी, एकाने नाही.