तेच दोनदा का विचारतेस गं पोरी?

घरी फोनवर सांगितलं की सध्या बनियनच्या पेशंटवर काम चाललंय, तर आई जरा वेळ गप्पच झाली आणि मग म्हणाली, अगं तू फिजिओथेरपीचं पुढचं शिकायला गेलीयस ना? तर हे बनियन ते नाही. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला हाड पुढे येतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो, ते हे. डॉक्टरी नाव हॅलक्स व्हॅल्गस, एक्सरेत अंगठ्याचा कोन साधारण १५ अंशांच्या वर गेला की तसं लिहितात. आपल्याकडे याला धड शब्द नाही, "हाड वाढलंय" म्हणून मोकळे होतात. इथे तुर्कस्तानातही बायका तसंच म्हणतात, "केमिक चिक्ती", म्हणजे हाड बाहेर आलं.

मी मूळची मिरजेची, इझमीरमध्ये हे तिसरं वर्ष. माझा पीएचडीचा विषय वेगळाच, पण आमच्या गाइड बाईंनी (इथे सर-मॅडम नाही, सगळ्यांना "होजाम") पायाच्या एका प्रश्नावलीचं तुर्की रूप करायला घेतलं आणि मला त्यात ओढलं. प्रश्नावली ऑस्ट्रेलियातली, १९९८ च्या सुमाराची. १३ प्रश्न, चार दुखण्याचे, चार कामाचे-चालण्याचे, तीन बुटांचे, दोन एकूण पाय कसे आहेत त्याचे. मार्क ० ते १००, आणि १०० म्हणजे झकास पाय, हे मी पहिल्या दिवशी उलटंच धरलं होतं ते सोडा.

आता भाषांतर म्हणजे १३ वाक्यं, एका दुपारचं काम असं मला वाटलेलं. नाही हो. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, एक वैद्यकीय माहितीवाला आणि एक अजिबात नसलेला, मग दोन्ही जुळवायची, मग मूळ प्रश्न न बघितलेल्या माणसांनी ते परत इंग्रजीत आणायचं, मग कमिटी, आणि मग ३०-४० खऱ्या पेशंटना देऊन बघायचं की त्यांना काय कळलं. हे शेवटचं माझ्याकडे. सोबत एक तुर्की ज्युनियर प्रश्न वाचणार, आणि मी शेजारी बसून पेशंट कुठे अडखळला, कुठे कपाळाला आठी पडली ते लिहायचं. माझं तुर्की बाजारहाटापुरतं बरं, पण आठी कळायला भाषा लागत नाही म्हणे.

त्या दिवशी सकाळपासून सहा जणी झाल्या होत्या. एक गोष्ट लगेच दिसली, "एकूणात तुमचे पाय कसे आहेत" असं विचारलं की बायका म्हणायच्या "चोक शुकुर", म्हणजे देवाची कृपा, आणि "चांगले" वर टिक. समोर अंगठा पार दुसऱ्या बोटावर चढलेला आणि टिक "चांगले" वर! आपली आजी नाही का, गुडघा धरत उठेल पण विचारलं तर "बरंय की". एक बाई म्हणाल्या चालायला काही त्रास नाही, पण नमाजात कपाळ टेकताना पायाची बोटं मुडपून जमिनीवर रोवायची असतात, तेव्हा जीव जातो. नमाजाबद्दल प्रश्नावलीत एक अक्षर नाही. मी समासात लिहून ठेवलं.

आणि मग सातवी. साठीच्या पुढची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, बूट मागून चेपून चपलेसारखे घातलेले. इथे अशा बाईला "तेय्झे" म्हणायचं, शब्दाचा अर्थ खरोखर मावशी, आणि वापरतातही अगदी आपल्यासारखंच, दूधवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांची मावशी. तर पहिला प्रश्न झाला, दुखणं किती. दुसरा, दुखणं किती वेळा. तिसरा सुरू झाला आणि मावशीनं हात वर केला. तेच दोनदा का विचारतेस गं पोरी, आत्ता तर सांगितलं!

मी बघितलं तर खरंच. इंग्रजीत दुसऱ्या प्रश्नात एक शब्द होता आणि तिसऱ्यात दुसरा, तो सतत मंद ठणकण्याचा, आणि चौथ्यात सुईसारखी कळ. आमच्या कागदावर दुसऱ्यात "आरी" आणि तिसऱ्यातही "आरी". आरी म्हणजे दुखणं, सरसकट. मला आठवलं, फिजिओवाल्या भाषांतरकाराने तिसऱ्याला वेगळा शब्द सुचवला होता पण जुळवाजुळवीत तो फार बोलीतला वाटतो म्हणून उडाला, आणि उलट भाषांतरात दोन्हीकडे सारखंच इंग्रजी आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं की अर्थ तोच ना, चालतंय. आधीच्या सहाही जणींनी तो प्रश्न ऐकला होता आणि दुसऱ्याचंच उत्तर परत दिलं होतं. माझ्या वहीत त्यांच्यापुढे लिहिलेलं "अडचण नाही". म्हणजे आठ्या ओळखण्यात मी किती पटाईत ते दिसलंच.

ज्युनियर बिचारी गडबडली, म्हणाली तेय्झे, कागदावर आहे तसंच वाचावं लागतं. मावशी म्हणाली बरं वाच. पुढे बुटांचे प्रश्न आले तशी ती खुलली. मुलाचं लग्न पुढच्या महिन्यात, आठ दुकानं फिरली, शेवटी एक रुंद पंजाचा जोड मिळाला, "पण किंमत अशी," मावशी म्हणाली, "की माझ्या नवऱ्याची हाडं सिझलियोर." मला वाटलं नवऱ्यालाही पायाचं काहीतरी आहे, मी लगेच विचारलं, त्यांनाही पाठवू का इकडे? तर दोघी हसायला लागल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. इथे कोणी मेलेल्या माणसाला पटणार नाही असं वागलं की कबरीत त्याची हाडं ठणकतात म्हणतात, आपल्याकडे आत्म्याला क्लेश होतात तसंच.

मी म्हटलं, सिझलियोर म्हणजे आरीच ना? मावशी म्हणाली छे! आणि माझा हात ओढून घेतला. आरी म्हणजे हे, असं म्हणून अंगठ्याच्या त्या गाठीवर माझं बोट दाबलं आणि तोंड वाकडं केलं, "हे दिवसा, बुटात." मग बोट काढलं, पायावर नुसता तळवा ठेवला आणि हळूहळू मूठ मिटत-उघडत राहिली. "आणि ही सिझी. रात्री. बूट काढले, पाय वर घेतले, दिवा मालवला, तरी आत चालूच." मी नकळत मराठीत म्हटलं, ठणका. तिने म्हणून बघितलं, "तनका". ठ काही आला नाही तिला पण मान डोलावली, बरोबर आहे म्हणाली.

(तीव्र वेदनेला त्यांच्याकडे अजून एक शब्द आहे, त्याचा उच्चार "आजी". कडू आणि तिखटालाही तोच. पहिल्या महिन्यात वॉर्डात एक बाप्या आजी आजी करून ओरडत होता आणि मी त्याच्या नातेवाइकांना शोधत होते.)

संध्याकाळी कमिटीची ऑनलाइन मीटिंग होती, त्यात मी हे सांगितलं. आकडेशास्त्रवाले गृहस्थ आधी हसले आणि मग म्हणाले ते मला अजून टोचतंय. म्हणाले, असंच पुढे गेलं असतं तर आमचे आकडे उलट सुंदर दिसले असते. प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं एक माप असतं, क्रोनबाखचा अल्फा, ०.७० च्या वर गेला की लोक खूश. आणि तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तरं जुळणारच की! अल्फा फुगतो, पेपर छापला जातो, आणि रात्रीचा ठणका कोणी विचारलेलाच नसतो. ०.९५ च्या वर गेला तर शंका घ्यावी असं पुस्तकात असतं, पण चांगल्या आकड्यावर शंका कोण घेतो. होजाम काहीच बोलल्या नाहीत, फक्त स्क्रीनवर तिसऱ्या प्रश्नातला शब्द खोडताना दिसल्या. बोलीतला म्हणून उडवलेला शब्द, मावशीचा सिझीच, परत आला. शुकुरचं काय करायचं यावर मात्र अर्धा तास वाद, आणि निष्कर्ष काही नाही, पर्यायांचे शब्द बदलले तर मूळ प्रश्नावलीशी तुलना जाते, नाही बदलले तर सगळ्यांचे पाय चांगले.

पुढच्या आठवड्यात नवीन कागद घेऊन बसलो. पहिलीच पेशंट, शाळेतली शिक्षिका, आठ तास उभी असणारी. तिसरा प्रश्न वाचला आणि तिने लगेच "गेजेलेरी" म्हटलं, म्हणजे रात्री, मग पर्याय बघून "फार वेळा" वर टिक. मी वहीत "अडचण नाही" लिहिलं, या वेळी तिला प्रश्न काय कळला ते विचारून मग लिहिलं.

बाराव्यावर ती थांबली. घालता येतील असे बूट मोजकेच आहेत का, असा तो प्रश्न. तिने विचारलं, घरातल्या सपाता धरायच्या का? कारण इथे उंबऱ्यात बूट काढतात आणि घरभर सपाता, पाहुण्यांसाठी वेगळा जोड, बाल्कनीला वेगळा, बाथरूमला वेगळा. ज्युनियरने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग मी वही उघडली आणि लिहिलं, सपाता?