तक्रार करायची तरी त्याच्याकडेच

आज दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं. वरवर सगळं ठीक, कामं झाली, लोकांशी हसून बोलणं झालं. आत मात्र एकच घोळत होतं, देव ऐकतोय की नाही? प्रार्थनेला बसले तर शब्दच फुटेनात.

मग बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली आणि मुद्दाम ८८वं स्तोत्र काढलं. १५० स्तोत्रांतलं हे बहुधा सर्वांत उदास. बाकीचे बहुतेक विलाप शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. दिलासा नाही, उत्तर नाही. तरी ते गाणारा माणूस रात्रंदिवस हाक मारतोय, आणि ती हाक देवालाच आहे. रागावलाय, पण दुसऱ्या कुणाच्या दारात गेलेला नाही. (आपल्या संतांनी तरी विठ्ठलाशी काय कमी भांडणं केली!)

अशी तक्रार पवित्र शास्त्रातून कुणी गाळली नाही, याचाच आज मला आधार वाटला. 'विश्वास ठेव, सगळं छान होईल' म्हणणाऱ्यांपेक्षा हा माणूस जवळचा वाटतो. शंका आहेत तशाच आहेत. झोपण्याआधी देवाशी बोलणार मात्र आहे, भांडण झालं तर झालं.